पोच मिळण्याआधीचे दिवस

वाचकाचे पत्र (सारांश)

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. लोकप्रशासन विषयात एम. ए. झाल्यानंतर त्यांना पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला असून विषय नोंदवण्याची मुदत जवळ आली आहे. ‘शासनाच्या डिजिटल परिवर्तनातील संशोधन प्रवाह’ हा विषय घ्यावा, असे त्यांच्या मार्गदर्शक सरांचे मत आहे. आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतील हजारो शोधनिबंधांच्या नोंदी संगणकावर उतरवून घ्यायच्या आणि कोणते शब्द केव्हा वाढले, कोणत्या देशात किती लिहिले गेले, याचा नकाशा काढायचा, असे या कामाचे स्वरूप असेल. त्यात गावोगाव फिरावे लागणार नाही, घर सांभाळून काम होईल आणि निबंधही लवकर छापून येतील. पत्रलेखिका मात्र रोज दुपारी आपल्या भासऱ्यांच्या आपले सरकार सेवा केंद्रात, म्हणजे गावच्या ‘सेतू’त, मदतीला बसतात. ऑनलाइनमुळे गरिबांचे हाल वाढले, असे त्या लिहितात. तिथे जे दिसते त्यावरच लिहावे असे त्यांना वाटते, पण धीर होत नाही. “जग कृत्रिम बुद्धिमत्तेवर संशोधन करत असताना मी आमच्या गावच्या सेतूवर प्रबंध लिहिला, तर तो मागासलेला ठरणार नाही का?” असे त्या विचारतात. त्यात, केंद्रातल्या गोष्टी बाहेर लिहू नयेत, अशी ताकीद भासऱ्यांनी दिली आहे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना ‘मागासलेला’ या शब्दापाशी मी थांबले. संशोधनाचा प्रवाह दूर कुठेतरी वाहतो आणि आपले गाव त्याच्या काठापासूनही लांब आहे, असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. तुमच्या सरांनीही बहुधा तेच गृहीत धरले आहे. फरक इतकाच की, ते तुम्हाला काठावर नेऊन बसवू पाहतात आणि तुम्हाला गाव सोडवत नाही. निर्णय घेण्यापूर्वी हे गृहीतकच तपासून पाहावे, असे मला वाटते, कारण गेल्या पंचवीस वर्षांत या विषयातील संशोधन ज्या वळणाने आले आहे ते पाहिले, तर ते तुमच्या केंद्राच्या बाकड्याजवळ येऊन पोहोचले आहे, असे म्हणावे लागते.

२००१ साली लेन आणि ली या दोन अभ्यासकांनी ई-शासनाच्या चार पायऱ्या मांडल्या. आधी माहिती संकेतस्थळावर येते, मग व्यवहार सुरू होतात, मग खालची-वरची कार्यालये जोडली जातात आणि शेवटी वेगवेगळे विभाग एकमेकांना जोडले जातात. हा जिना इतका सोपा होता की, पुढे कित्येक वर्षे देशोदेशीचे अभ्यासक आपला देश कोणत्या पायरीवर उभा आहे एवढेच मोजत राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या ई-शासन सर्वेक्षणातील क्रमवारीकडेही आपण त्याच नजरेने पाहतो. २०२४ च्या सर्वेक्षणात भारत ९७ व्या क्रमांकावर होता, हे आपण वाचतो आणि पुढे जातो. परंतु त्याच २००१ साली जेन फाउंटन यांनी दाखवून दिले होते की, तंत्रज्ञान जसे विकत घेतले जाते तसे ते वापरात येत नाही. कार्यालयातील रूढी, अधिकारांच्या उतरंडी आणि माणसांचे परस्परसंबंध त्याला आपल्या साच्यात ओतून घेतात. पुढे २००३ मध्ये रिचर्ड हीक्स यांनी विकसनशील देशांतील ई-शासन प्रकल्पांचा अंदाज मांडला, त्यानुसार सुमारे ३५ टक्के प्रकल्प पूर्णपणे फसले, ५० टक्के अंशतः फसले आणि जेमतेम १५ टक्के यशस्वी झाले. प्रकल्पाची आखणी करणाऱ्याच्या डोक्यातील गाव आणि प्रत्यक्षातील गाव यांतील अंतर हे त्यांनी सांगितलेले कारण तुम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही, कारण ते अंतर रोज दुपारी तुमच्यासमोर येऊन बसते.

त्यानंतरचे वळण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये सांगितले होते की, सरकारचे धोरण लोकांपर्यंत पोहोचते ते खिडकीपाशी बसलेल्या कर्मचाऱ्याच्या निर्णयांतून. नेदरलँड्समधील बोव्हेन्स आणि झौरिडिस यांनी २००२ मध्ये असे मांडले की, हा निर्णयाधिकार आता खिडकीवरून उठून आधी पडद्यावर आणि मग प्रणाली बांधणाऱ्याच्या हातात चालला आहे. तेव्हा ही केवळ एक मांडणी होती. पण त्याच देशात पुढे बालसंगोपन भत्ता घेणाऱ्या हजारो पालकांना चुकीने लबाड ठरवून वसुली लावण्यात आली आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील सरकारला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियात उत्पन्नाची सरासरी काढून लोकांच्या माथी खोटी कर्जे मारणाऱ्या स्वयंचलित व्यवस्थेची शाही आयोगाने (रॉयल कमिशन) चौकशी केली आणि जुलै २०२३ मध्ये अहवाल दिला. कृत्रिम बुद्धिमत्तेवरील ज्या संशोधनाचा तुम्हाला दबदबा वाटतो, त्यातील कळीचा प्रश्न याच घटनांमधून आला आहे. निर्णय यंत्राने घेतला आणि तो चुकला, तर माणसाने कोणाच्या दारात उभे राहायचे, हा तो प्रश्न आहे.

आता हाच प्रश्न आपल्याकडे कसा दिसतो ते पाहा. २०२३ च्या खरीप हंगामातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देण्याचा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला, तेव्हा त्या हंगामात ई-पीक पाहणी ॲपवर नोंद केलेली असणे ही अट होती. हे ॲप २०२१ च्या ऑगस्टमध्ये आले होते. शेतात पऱ्हाटी उभी होती, बोंडे वेचून झाली होती, कापूस विकलाही गेला होता. पण बांधावर उभे राहून छायाचित्र काढायचे राहून गेलेला शेतकरी लाभार्थ्यांच्या यादीच्या लेखी कापूस उत्पादक नव्हता. नंतर ती अट शिथिल करण्यात आली, पण ती का शिथिल करावी लागली आणि त्यादरम्यान कोण कोणाकडे गेले, हे नीट नोंदवले गेले पाहिजे. बोव्हेन्स आणि झौरिडिस यांनी जे लिहिले त्याची इतकी स्वच्छ उदाहरणे युरोपातही सहज सापडणार नाहीत. तेव्हा तुमच्यापुढे जग आणि गाव अशी निवडच नाही.

याचा अर्थ सरांचा विषय टाकाऊ आहे असा मुळीच नाही. शोधनिबंधांचा नकाशा काढण्याची पद्धत शिकण्यासारखी आहे. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्ससारख्या सूचीतून नोंदी घ्यायच्या, व्हीओएसव्ह्यूअरसारख्या मोफत मिळणाऱ्या संगणक प्रणालीत घालायच्या आणि कोणते शब्द एकत्र येतात ते पाहायचे, हे काम शिस्तीने केले तर दोन-चार महिन्यांत विषयाची भूगोलवही हाताशी येते. मात्र या नकाशाच्या दोन मर्यादा तुम्ही सरांशी बोललेच पाहिजे. पहिली अशी की, शब्द बदलला म्हणजे गोष्ट बदलली असे होत नाही. ‘ई-शासन’ मागे पडून ‘डिजिटल परिवर्तन’ पुढे आले तेव्हा इनेस मेर्गेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या मुलाखती घेऊन या शब्दाचा अर्थ काय, हेच आधी शोधावे लागले होते. दुसरी मर्यादा आपल्या दृष्टीने अधिक मोठी आहे. अशा सूचींमध्ये प्रामुख्याने इंग्रजी नियतकालिके असतात. शासन निर्णय, महालेखापरीक्षकांचे अहवाल, अंगणवाडी सेविकांच्या संघटनांची निवेदने, तालुक्याच्या बातमीदाराने लिहिलेली चौकट, ही सारी सामग्री त्या नकाशावर येत नाही. अंगणवाडीतील नोंदींसाठी आलेल्या ‘पोषण ट्रॅकर’ ॲपच्या वेळी, २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले, कारण ते नीट चालत नव्हते आणि ॲप इंग्रजीत होते. सरकारी ॲपवर त्याच्या वापरकर्त्यांनीच दिलेला हा ठाम अभिप्राय होता. शब्दांच्या नकाशात तो शोधून सापडणार नाही.

म्हणून मी असे सुचवते की, नकाशाचे काम प्रबंधाचे दुसरे प्रकरण म्हणून करावे, सरांच्या देखरेखीखाली नीट करावे, त्यावर एक निबंधही लिहावा, आणि प्रबंधाचा गाभा मात्र क्षेत्रकार्याचा ठेवावा. शोधनिबंध लवकर छापून येण्याच्या घाईबद्दल एवढेच सांगते की, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापून आणण्याची सक्ती उरलेली नाही आणि मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही आयोगाने २०२५ मध्ये बंद केली. तुमच्या विद्यापीठाचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात; ते संशोधन विभागातून लेखी घ्या, ऐकीव माहितीवर विषय ठरवू नका.

आता मूळ विषयाकडे येते. केंद्रात बसून नेमके काय अभ्यासायचे? अशा वेळी बहुतेक विद्यार्थी शंभर जणांची प्रश्नावली करतात, ‘सेवेबद्दल आपण समाधानी आहात का’ असे विचारतात आणि टक्केवारीचे रंगीत तक्ते लावतात. कृपा करून तसे करू नका. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या बाईला अखेर दाखला हातात मिळाला की ती ‘समाधानी’ असेच म्हणणार. त्या उत्तरातून तिने घातलेल्या चार खेपा दिसणार नाहीत.

माझ्या मते तुमच्यासमोर एक प्रश्न आहे, जो तुमच्या जागी बसलेल्या माणसालाच सुचू शकतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे, न मिळाल्यास पहिले आणि दुसरे अपील करता येते, त्यापुढे आयोग आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. कायदा चांगला आहे, हे मी मनापासून म्हणते. परंतु त्यातील मुदत मोजली जाते ती सर्व कागदपत्रांसह अर्ज दाखल होऊन त्याची पोच मिळते तेव्हापासून. त्याआधीचे दिवस कोण मोजते? आधारवर नाव एक, सातबारावर दुसरे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिसरे; नवऱ्याच्या निधनानंतर फेरफार झालेला नाही; वेचणीच्या दिवसांत बोटे इतकी झिजलेली की अंगठा लागत नाही; ओटीपी मुलाच्या मोबाईलवर जातो आणि मुलगा पुण्याला; आणि हे सारे जुळून आले त्या दिवशी ‘लिंक नाही, उद्या या’. या सगळ्या खेपा शासनाच्या दृष्टीने घडलेल्याच नसतात. संगणकावरचे घड्याळ सुरू होते तेव्हा माणसाचा सर्वांत अवघड प्रवास संपलेला असतो. पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहान यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात या भाराचे तीन भाग केले आहेत. काय करायचे ते कळून घेण्याचा एक, कागद जुळवण्याचा दुसरा आणि पुन्हा पुन्हा परत पाठवले गेल्याने मनावर येणारा तिसरा. पोच मिळण्याआधीच्या दिवसांत हे तिन्ही भार कोणावर किती पडतात, यावर तुम्ही लिहिलेत, तर तो प्रबंध जगातील कोणत्याही विद्यापीठात आजच्या प्रवाहाच्या मध्यभागी उभा राहील.

मात्र एक सावधगिरी बाळगा. ‘ऑनलाइनमुळे गरिबांचे हाल वाढले’ हे उत्तर तुम्ही पत्रातच लिहून टाकले आहे. ते खरे असेलही, पण ते आधीच ठरवून काम सुरू केले, तर त्याविरुद्ध जाणारे काहीही तुम्हाला दिसणार नाही. सातबाऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहत चावडीवर बसलेले दिवस आठवणारी माणसे तुमच्या गावात अजून आहेत. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपयांत मिळू लागला तेव्हा त्यांना काय वाटले, तेही विचारा. संशोधनातही असेच उलटसुलट दिसते. कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी आंध्र प्रदेशात बायोमेट्रिक स्मार्टकार्डांचा अभ्यास केला, तेव्हा रोजगार हमीची मजुरी लवकर मिळू लागल्याचे आणि गळती कमी झाल्याचे आढळले. ज्यां द्रेज, रीतिका खेरा आणि सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये रेशनसाठी अंगठा सक्तीचा झाल्यानंतर पाहणी केली, तेव्हा त्रास वाढला आणि लाभ दिसला नाही. तंत्र जवळपास तेच, पण ते कशासाठी आणि चुकल्यास कोणती पर्यायी वाट ठेवून आणले, यावर निकाल बदलतो. आपल्याकडील कर्जमाफीचेच पाहा. २०१७ च्या योजनेत प्रत्येक शेतकऱ्याला ऑनलाइन अर्ज भरावा लागला. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या योजनेत मात्र बँकांनी माहिती दिली, गावात याद्या लागल्या आणि शेतकऱ्याने फक्त आधार प्रमाणीकरण करायचे होते. दोन्ही योजना डिजिटलच, पण कागद जुळवण्याचा भार पहिल्यात शेतकऱ्यावर होता आणि दुसऱ्यात बँकेवर गेला. तुमच्या गावातील ज्यांनी दोन्ही वेळा हे अनुभवले त्यांच्या वीस सविस्तर मुलाखतीही पुष्कळ काही सांगतील.

केंद्रचालकाविषयीही असेच खुले राहा. काहींच्या लेखी तो दलाल असतो, काहींच्या लेखी गावाचा आधार. मला वाटते, त्याला कोण किती पैसे देते, हे आधी पाहिले पाहिजे. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा सुरू झाला, तेव्हा शेतकऱ्याकडून हप्त्याचा एक रुपया आणि विमा कंपनीकडून प्रत्येक अर्जामागे चाळीस रुपये, असे केंद्रचालकाचे गणित होते. पुढे बोगस अर्जांच्या तक्रारी आल्या आणि २०२५ मध्ये ती योजनाच बदलली. अर्ज वाढवण्याचे पैसे मिळतात, अर्ज दुरुस्त करण्याचे, अंगठा न लागणाऱ्या आजोबांसाठी अर्धा तास घालवण्याचे मात्र मिळत नाहीत. हे लिहिणे म्हणजे तुमच्या भासऱ्यांवर आरोप करणे नाही. उलट त्यांच्या कामातील जो भाग कोणत्याही दरपत्रकात बसत नाही, तो प्रथमच कागदावर येईल.

तरीही भासऱ्यांची ताकीद मी हलकी मानत नाही आणि तुम्हीही मानू नये. लोक त्या केंद्रात दाखल्यासाठी येतात, तुमच्या प्रबंधासाठी येत नाहीत. त्यांनी विश्वासाने दिलेला आधार क्रमांक, उत्पन्न, जात, आजार, कर्ज यांतील एकही गोष्ट तुम्ही संशोधनासाठी परस्पर वापरू शकत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याआधीही ते अयोग्यच होते. त्यामुळे घरच्या केंद्राचा उपयोग केवळ प्रश्न कळण्यापुरता करावा आणि प्रत्यक्ष नोंदी नात्याचा संबंध नसलेल्या दोन केंद्रांवर घ्याव्यात, शक्यतो एक तालुक्याच्या ठिकाणी आणि एक आतल्या गावात. मेळघाट तुम्हाला जाण्यायेण्यास जमण्यासारखा असेल, तर धारणी तालुक्यातील हरिसालचा विचार करा. दहाएक वर्षांपूर्वी डिजिटल गाव म्हणून ते गाजले आणि २०१९ च्या निवडणूक प्रचारात त्यावरून वादही झाला. घोषणेच्या आणि प्रचाराच्या दिवसांखेरीजच्या साध्या दिवशी तिथे काय चालते, हे पाहण्यासारखे आहे. संमती घ्याल ती वऱ्हाडीत, तोंडी समजावून, काम आटोपल्यानंतर. दाखला अडकलेला असताना विचारलेल्या प्रश्नाला कोणी नाही म्हणू शकत नाही. नावे बदलणे पुरेसे नाही, हेही ध्यानात असू द्या. बाराशे वस्तीच्या गावात ‘दोन एकरवाली, शिलाई करणारी विधवा’ असे लिहिले की नाव लिहिल्यासारखेच होते.

नोंदी साध्या ठेवा. एका कामासाठी किती खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला काय कमी पडले, सोबत कोण आले, किती मजुरी आणि किती भाडे गेले, आणि अखेर पोच कोणत्या तारखेला मिळाली, एवढे पाच रकाने पुरेत. जून-जुलैत शाळाप्रवेशाचे दाखले आणि पीकविमा यांची गर्दी असते, दिवाळीनंतर कापसाच्या विक्रीची. २०२५ पासून हमीभावाने कापूस देण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आली आहे, तीही याच काळात पाहता येईल. वर्षभराचे हे ऋतुमान पकडता आले तर चारशे अर्जांच्या नोंदी फार नाहीत.

जे वाचक संशोधक नाहीत, पण ग्रामपंचायतीत, शाळेत, अंगणवाडीत किंवा अशा केंद्रात काम करतात, त्यांनाही ही पाच रकान्यांची वही ठेवता येईल. ग्रामसभेत ‘लोकांना त्रास होतो’ असे म्हणण्यापेक्षा, गेल्या महिन्यात नावातील फरकामुळे इतके अर्ज इतक्या वेळा परत गेले, असे सांगितले तर आधार दुरुस्तीचे शिबिर गावात लावण्याची मागणी टाळणे तहसील कार्यालयाला कठीण जाते.

सरांकडे जाताना विषय नाकारायला म्हणून जाऊ नका. दोन पानांचे टिपण मराठीत लिहून न्या. पहिल्या पानावर त्यांनी सुचवलेल्या नकाशाचे प्रकरण कसे कराल ते आणि दुसऱ्यावर पोचेआधीच्या दिवसांचा प्रश्न, दोन केंद्रे, पाच रकाने आणि संमतीची पद्धत लिहा. सोबत घरच्या केंद्राबाहेर, संमतीने घेतलेल्या दहा-बारा अर्जांच्या कच्च्या नोंदी न्या, नावांशिवाय. आणि त्याआधी ते टिपण भासऱ्यांना वाचून दाखवा. त्यातील कोणती ओळ त्यांना खटकते ते विचारा. ती का खटकते, हे तुम्हाला प्रबंधातही लागेल. मुदत संपण्यापूर्वी सरांचे उत्तर आले नाही, तर मला पुन्हा लिहा, टिपणाची प्रत जोडून.